प्लॅस्टिकचा वाय स्ट्रेनर, दिवाळीपासून आतापर्यंत : बॉडी उत्तम, पण एका ओ-रिंगसाठी वणवण

मे महिन्यात ऑर्डरच्या ऐन घाईत आमचा पंप हवा ओढायला लागला. कारण निघालं स्ट्रेनरच्या टोपणातली एक रबरी रिंग. ती रिंग मिळवताना जो मनस्ताप झाला, त्यामुळे हे लिहायला बसलोय. स्ट्रेनर म्हणजे पाइपात बसवायची गाळणी, आतली जाळी पाण्यातला कचरा अडवते. एवढं सांगून सरळ अनुभवावर येतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं डाय हाउस आहे. टॉवेलचं सूत रंगवून देणं आणि पांढऱ्यासाठी ब्लीच करून देणं, ही दोन कामं. पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. सगळं आधी जमिनीखालच्या हौदात पडतं, तिथून पंपाने सॉफ्टनरला, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या टाकीला, आणि सॉफ्टनरमधून वरच्या टाकीत. बोअरचं पाणी जड, त्यात मुरमाची बारीक कच. टँकरच्या पाण्यातून तर चिंध्यांपासून शेवाळापर्यंत काहीही येतं. दिवाळीनंतर दोन इंची तीन पीव्हीसी स्ट्रेनर बसवले : एक पंपाच्या सक्शनला (पाणी ओढणाऱ्या बाजूला), एक सॉफ्टनरच्या आधी आणि एक सॉफ्टनरच्या नंतर. पहिले दोन राखाडी, तिसरा पारदर्शक बॉडीचा.

त्याआधी बिडाचे होते. मजबुतीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण बीड आतून गंजतं आणि तो गंज सुतावर उतरतो. रंगीत मालात एखाद वेळेस खपून जातं, पांढऱ्यात नाही. शिवाय ठिपक्यापुरतं भागत नाही. आम्ही ब्लीचला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. लोखंडाचा कण सुतावर बसला की त्या जागी पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि कापसाचा धागाच खाऊन टाकतं. टॉवेल धुऊन वाळल्यावर तिथे बारीक भोक दिसतं. ठिपका ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, भोक कशानेच बुजत नाही. एक्स्पोर्टचा माल परत आला की त्याचं नुकसान आमच्याच बिलातून कापलं जातं. प्लॅस्टिकचे स्ट्रेनर बसवल्यापासून स्ट्रेनरच्या गंजाचा एकही ठिपका आलेला नाही. माझ्यासाठी पैसे इथेच वसूल झाले. पुढे जी तक्रार करणार आहे ती हे मान्य करूनच.

बसवण्याबद्दल थोडं. बॉडीवर बाण असतो, पाण्याची दिशा त्याप्रमाणे. आडव्या लाइनीत जाळीचा पाय, म्हणजे जाळी असलेला तिरका फाटा, खाली आला पाहिजे, म्हणजे कचरा तळाशी बसतो. उभ्या लाइनीत बसवायचा तर पाणी वरून खाली येणारं हवं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पायाखाली जाळी बाहेर ओढायला जागा सोडायची मात्र बरेच जण विसरतात. आमच्या फिटर मामांनी पहिल्याच दिवशी जाळी हातात धरून लांबी मोजली आणि तेवढी जागा सोडूनच पाइप उचलून घेतला. शेजारच्या कारखान्यात स्ट्रेनर जमिनीला इतका चिकटून बसलाय की जाळी काढायला लाइनच सोडवावी लागते. साहजिकच तिथे जाळी कोणी काढत नाही.

दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता सोडवता येणारे जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह घेतले. पंपाचं तोंड लोखंडी आटे असलेलं होतं. तिथे प्लॅस्टिकचा बाहेरचा आटा लोखंडाच्या आत घातला, टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, हाताने घट्ट आणि वर थोडासा पान्हा. उलटं केलं, म्हणजे लोखंडी नर आटा प्लॅस्टिकच्या मादीत पिळला, तर प्लॅस्टिक तडकतं. आज तडकलं नाही तर महिन्याने तडकतं. पाइपचं वजन स्ट्रेनरवर येऊ नये म्हणून दोन्हीकडे क्लँप. जोडांना पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट लावून वाळायला पुरता वेळ दिला. मामांच्या मदतनीस पोराला कॉम्प्रेसरची हवा भरून लीकेज बघायचं होतं. मी म्हटलं, "नको रे बाबा, पाण्यानेच बघ." पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. हवेच्या दाबाखाली प्लॅस्टिक फुटलं तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. ही गोष्ट प्रत्येक फिटरने नव्या पोरांना सांगायलाच हवी.

हिवाळा उत्तम गेला. टोपण हाताने उघडत होतं, जाळी धुऊन परत. बिडाच्या स्ट्रेनरचं टोपण उघडायला दोन माणसं आणि पाइप पान्हा लागायचा.

आता मे महिना. त्या दिवशी पंपाचा आवाज बदलला, आत खडे फिरल्यासारखा. पाणी येतंय, जातंय, मग एकदम बंद. प्रायमिंग करून, म्हणजे पंपात पाणी भरून, पुन्हा चालू केला की थोडा वेळ ठीक, परत तेच. जाळी तुंबली म्हणून काढली तर स्वच्छ. हौदातल्या पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह बघितला, ठीक होता. बाहेर कुठे पाण्याचा थेंब नाही. सक्शनच्या लाइनीची हीच अडचण असते. हौद खाली, पंप वर, म्हणजे पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी. फट असली तरी पाणी बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. मामांनी मगभर पाणी घेतलं आणि एकेका जॉइंटवर ओतत गेले. स्ट्रेनरच्या टोपणावर ओतलं आणि पंपाचा आवाज क्षणभर सुधारला.

"मालक, इथून ओढतंय बघा."

टोपण उघडलं. आतली ओ-रिंग एका बाजूने चपटी होऊन कडक झालेली. नखाने दाबली तर खळगाही पडेना.

दुकानदाराला फोन केला. ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे रिंग नाही. तो म्हणाला, डीलरला विचारा. डीलर म्हणाला, कंपनीच्या हेल्पलाइनला फोटो पाठवा. फोटो पाठवला, बिल पाठवलं, बॉडीवरचा बॅच नंबर पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : रिंग सुटी मिळत नाही, टोपण, जाळी आणि रिंग असा सेट घ्यावा लागेल, आणि तो सध्या स्टॉकमध्ये नाही. मी विचारलं, निदान रिंगचं माप आणि रबर कुठलं ते तरी सांगा. तेही सांगितलं नाही. वर बजावलं की बाहेरची रिंग घातलीत तर वॉरंटी जाईल. दोन चहांच्या पैशांत येणारी वस्तू, आणि तिच्यासाठी धडधाकट टोपण आणि नवीकोरी जाळी फेकून द्यायची? मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. झिजणारी वस्तू सुटी मिळालीच पाहिजे. पंप विकणारे सील सुटं देतात, नळ विकणारे वायसर सुटं देतात.

शेवटी बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथे काकांनी व्हर्निअर लावून जुन्या रिंगचं माप घेतलं. ओ-रिंगला दोनच मापं लागतात, आतला व्यास आणि रबराची जाडी. इंची मालिकेत जाडी 2.62, 3.53, 5.33 मिलिमीटर अशी ठरलेली असते, मेट्रिकमध्ये 3, 4, 5 अशी. वापरलेली रिंग चपटी झालेली असते, म्हणून जाडी मोजताना तिच्यापेक्षा खाचेच्या मापावर भरवसा ठेवावा. म्हणूनच मी टोपणही सोबत नेलं होतं.

मापानंतर रबराचा प्रश्न. दुकानात सगळ्या रिंगा काळ्या, दिसायला सारख्या. न सांगता हातात पडते ती बहुतेक नायट्राइल रबराची, कारण तिचा खप तेलाच्या कामाला. आमच्या लाइनीत पाणी, आणि हौद धुताना हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण. त्याला ईपीडीएम हे रबर बरं. काकांनी वायटन रबराची घ्या म्हणून सुचवलं, महाग म्हणजे चांगली या हिशेबाने. वायटन आम्लाला आणि तेलाला चांगलं, पण तीव्र कॉस्टिकला (कॉस्टिक सोड्याला) नाही. डाय हाउसमध्ये सोडा ॲश आणि कॉस्टिक रोजचे, उद्या हीच रिंग केमिकलच्या लाइनीत गेली तर? मी ईपीडीएमच मागितली.

ती खरंच ईपीडीएम आहे का, हे घरच्या घरी बघता येतं. एक जादा रिंग घ्यायची, तिचा तुकडा कापून रात्रभर डिझेलमध्ये ठेवायचा. ईपीडीएम फुगून मऊ पडते, नायट्राइल जवळपास तशीच राहते. माझा तुकडा चांगलाच फुगला, म्हणजे माल खरा. यातूनच दुसरी गोष्ट कळते : ईपीडीएमच्या रिंगला गाडीचं ग्रीस लावायचं नाही. टोपण सहज फिरावं म्हणून पोरं डब्यातलं ग्रीस लावतात, ते पेट्रोलियमचं असतं, आणि रिंग फुगून खाचेबाहेर येते. सिलिकॉन ग्रीस लावावं, तेही बोटावरचं पुसट. ग्रीसच्या डब्याला मी आता पंपरूममध्ये येऊच देत नाही.

नवी रिंग बसली आणि पंप पहिल्यासारखा चालला.

इथवरचा मजकूर मी जूनमध्ये लिहून ठेवला होता. तेव्हा पारदर्शक स्ट्रेनर घेऊ नका असंही लिहिलं होतं. मार्चनंतर त्याच्यात हिरवं शेवाळ धरायला लागलं, कारण सॉफ्टनर उघड्यावर आणि बॉडीतून ऊन थेट पाण्यात. जाळी धुवावी तर शेवाळ बॉडीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं. ते मत आता बदललंय, कारण जुलैमध्ये त्याच स्ट्रेनरने मोठं नुकसान टाळलं. एका सकाळी त्याच्या तळाशी सोनेरी-तपकिरी दाणे दिसले, साखरेएवढे बारीक. ते सॉफ्टनरचं रेझिन होतं, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारे दाणे. आतला एक नॉझल फुटला होता आणि रेझिन पाण्याबरोबर निघत होतं. रेझिनचे दाणे साधारण 0.3 ते 1.2 मिलिमीटरचे. आमची जाळी 40 मेशची, म्हणजे भोक सुमारे 0.42 मिलिमीटर, त्यामुळे बहुतेक दाणे तिथेच अडकले. राखाडी बॉडी असती तर जाळी काढेपर्यंत कळलं नसतं आणि तोवर सॉफ्टनर निम्मा रिकामा झाला असता. सॉफ्टनरवर पत्र्याची शेड घातली, शेवाळ थांबलं. तेव्हा सॉफ्टनरनंतर पारदर्शकच घ्या, पण सावलीत.

सावलीचं आणखी एक कारण आहे आणि सोलापुरात ते फार महत्त्वाचं. बॉडीवर 150 पीएसआय लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेदहा किलो दाब. पण तो आकडा 23 अंशांचा. तापमान वाढलं की पीव्हीसीची ताकद उतरते : 38 अंशांना सुमारे 62 टक्के, 49 ला 40 टक्के, 60 ला जेमतेम 22 टक्के. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 43-44 अंशांवर जाते, आणि उन्हात तापलेला राखाडी पाइप त्याहून गरम. पंप बंद असताना आत अडकलेलं पाणीही तापतं. 60 अंशांना साडेदहाचे सव्वादोन किलो उरतात आणि आमचा पंप तीन किलो देतो. त्यामुळे उघड्यावरच्या पाइपाला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग मारला आणि दुसऱ्या स्ट्रेनरवरही पत्रा टाकला. ऑइल पेंट नको, त्यातलं द्रावण प्लॅस्टिकला चालत नाही.

सोपिंगची (रंगवल्यावर सूत साबणाने धुण्याची) गरम लाइन आणि बॉयलरकडची लाइन यांना मी प्लॅस्टिक लावलेलं नाही. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा पीव्हीसी, 90 अंशांपर्यंत चालतो असं सांगतात, पण 82 अंशांनाच त्याची ताकद पाव राहते. तिथे स्टेनलेसच आहे आणि स्टेनलेसच राहणार.

देखभालीत मला सर्वांत उपयोगी पडली ती स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंची दाबाची घड्याळं. जाळी स्वच्छ असताना दोन्ही काट्यांत जे अंतर दिसतं ते भिंतीवर लिहून ठेवलंय, त्यात अर्धा किलोची वाढ झाली की जाळी काढायची. टँकरच्या दिवसांत ती वेळ दिवसाआड येते, पावसाळ्यात आठवडा निघतो. टोपण उघडण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि दाब शून्यावर आल्याची खात्री. आट्यांत कच अडकली असेल तर आधी पाणी मारून धुवायची, मग फिरवायचं. तरी अडलं तर पट्ट्याचा पान्हा, दात्यांचा नाही. सक्शनच्या स्ट्रेनरला बारीक जाळी लावू नका. तिथे मोठ्या भोकांचीच, नाहीतर जाळी थोडी तुंबली तरी पंप उपाशी राहतो. बारीक जाळीची जागा पंपानंतर.

रिंगबद्दल शेवटचं. तिन्ही स्ट्रेनरच्या रिंगा मी आता ठरवून बदलतो, होळीच्या आसपास, उन्हाळा लागायच्या आत. माप आणि 'ईपीडीएम' हे शब्द प्रत्येक बॉडीवर मार्करने लिहिलेत, सहा रिंगा काळ्या पिशवीत, उजेडापासून लांब ठेवल्यात. कंपनीचा सेट अजून आलेला नाही आणि मी आता त्याची वाट बघत नाही.

पुढच्या महिन्यात मुख्य लाइनीला तीन इंची घ्यायचाय. तिथे लाइन बंद ठेवून चालत नाही, म्हणून दोन टोपल्यांचा बास्केट प्रकार बघतोय, एक टोपली धुताना दुसरी चालू राहते. दोन दुकानदारांकडून भाव घेतला. रिंगचं माप आणि रबर कोटेशनवर लिहून द्या म्हटल्यावर एकाने विषय टाळला. दुसऱ्याने लिहून दिलं आणि प्रत्येक टोपणाच्या दोन जादा रिंगा बिलात धरल्या. त्याचा भाव थोडा जास्त आहे, तरी ऑर्डर त्यालाच देतोय.