भिशी चार हजार, राहुटी गळकी: दिंडीतले माझे दिवस

यंदा पहिल्यांदाच माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण चालले. आधी दोनदा मैत्रिणींबरोबर पुणे ते सासवड चालून, दिवे घाटात फोटो काढून घरी आले होते. ते मी धरत नाही. कुठली दिंडी, पैसे किती, बायकांची सोय कशी, असं चौघीजणींनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दिंडीचं नाव देत नाही, कारण दिंडीप्रमुख पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांचा नातू हे वाचून त्यांना नक्की दाखवेल. रथामागची, दीडेकशे माणसांची, एवढं पुरे.

भिशी, म्हणजे दिंडीत भरायची वर्गणी, ४,००० रुपये. त्यात चहा, नाश्ता, दोन्ही वेळची पंगत, राहुटीत झोपण्यापुरती जागा आणि सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला. जेवणाला पैकीच्या पैकी. घाट चढायचा दिवस एकादशीचा, तेव्हा वाटेत साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. एरवी पिठलं, भाकरी, आमटी, भात. वाढणारी माणसं आग्रह करून करून दमवतात. राहुटीला मात्र पाचपैकी दोनच. पाऊस आला की माझ्या डोक्याशी बरोब्बर एक धार लागायची. बायकांच्या आंघोळी पहाटे तीनच्या आत टँकरपाशी, साडीचा आडोसा करून, अंधारात. फिरती शौचालयं आता बऱ्याच मुक्कामांवर असतात, पण रांग बघून पाणी कमी प्यावंसं वाटतं. तसं करू नका, मला वाल्ह्याला चक्कर आली होती.

आता मी का गेले ते. मी विमा कंपनीत एकवीस वर्षं क्लेम बघते. मार्चमध्ये गळ्यात एक गाठ लागली. सुईने तपासणी झाली, रिपोर्टवर 'निश्चित सांगता येत नाही' अशा अर्थाचं काहीतरी आलं, आणि डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. दुसऱ्यांच्या कागदांवर 'प्रलंबित' असा शेरा मारताना मला कधी काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या गळ्याला तो लागल्यावर दिवसातून पन्नासदा बोट तिथे जायला लागलं. घरी बसवेना. देवाचं मनापासून करणारी मी नाही. आषाढीला उपास, तोही साबुदाण्यासाठी. चालायला मिळेल आणि कोणी काही विचारणार नाही, एवढ्यासाठी नाव नोंदवलं. रिपोर्टची फाइल बरोबर घेतली. का घेतली, मलाही माहीत नाही. वाखरीला कोण ती बघणार होतं?

विचारणार नाही, हा अंदाज पहिल्याच दिवशी चुकला. माझ्या ओळीत परभणीकडच्या एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या. पुण्यात पोचेपर्यंत त्यांनी माझ्याकडून गाठीसकट सगळं काढून घेतलं. त्यांची स्वतःची चार एकर. "पेरून आलोत. आता पडंल तवा पडंल," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, ही खरी श्रद्धा, हिच्याकडून काहीतरी शिकावं. पण दर विसाव्याला मावशी कनवटीचा फोन काढून मुलाला विचारायच्या, "पडला का रे?" दिवसातून चार वेळा. नाही म्हटलं की फोन परत खोचायचा, तुळस डोक्यावर घ्यायची आणि टाळाच्या ठेक्यात पुढे. मला वाटत होतं, विश्वास बसला की काळजी सुटते. इथे दोन्ही एकाच बाईकडे होतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. मी मात्र काळजी संपली की मग जगायला लागू, असं मार्चपासून धरून बसले होते.

पिशवीची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तक्रार निवारणाला मी पाचपैकी पाच देणार आहे. सासवडहून निघताना माझी पिशवी दुसऱ्याच दिंडीच्या ट्रकमध्ये चढली. फाइलसकट. जेजुरीत भंडारा उधळला, त्यात माझा एकुलता एक पंजाबी ड्रेस पिवळाधमक झाला, आणि मी दोन दिवस त्याच ड्रेसमध्ये. ब्रश नाही, टॉवेल नाही. वाल्ह्याच्या मुक्कामी समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची मिळून आरती. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंच केला आणि "होऽऽ" अशी आरोळी दिली, की एवढा मोठा तळ एकदम गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवत राहायचे, ही तिथली रीत. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या दरबारातले सरदार, १८३२ च्या सुमारास त्यांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं. फौजेतला माणूस त्या क्षणी कळतो. तर सगळं शांत, आणि आमचेच टाळ खणखणतायत. टँकरला वाट मिळत नाही ही खरी तक्रार होती, प्रमुखांनी तिला माझी पिशवी जोडून दिली. लाजेने जमिनीत जावंसं वाटलं. चोपदारांचं माणूस आलं, ऐकून घेतलं, मग हरवल्या-सापडल्याच्या पुकाऱ्यात माझी निळी पिशवी. आमच्या ऑफिसात एवढ्या कामाला तीन ईमेल आणि एक स्मरणपत्र लागतं.

दुसऱ्या दिवशी नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान. सगळे नदीत, आणि बदलायला कपडे नाहीत म्हणून मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी. तिथे ध्यानात आलं, की दोन दिवस मी टॉवेल, ब्रश, पिशवी एवढाच जप केला होता आणि बोट एकदाही गळ्याकडे गेलं नव्हतं. संध्याकाळी लोणंदला पिशवी मिळाली. रात्री पाठ टेकली आणि बोट आपसूक परत जागेवर. खोटं कशाला सांगू.

पुढचं थोडक्यात. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचा अश्व धावतो ते, मला फक्त ऐकू आलं, समोर सहा फुटी माणूस होता. पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहायचं त्राण नव्हतं, कळसाला हात जोडले आणि एसटी धरली. जाणार असाल तर बूट एक नंबर मोठे घ्या, पिशवीवर दिंडीचा क्रमांक ठळक लिहा, आणि राहुटीत मधली जागा धरा. एकूण पाचपैकी साडेतीन.

परवा मावशींचा फोन होता. पाऊस पडला म्हणे, पण नुसती भुरभुर, दुबार पेरणी करावी लागते की काय. मग विचारलं, "तुमचं काय झालं ताई?" म्हटलं, मंगळवारी तपासणी आहे. "बरं," म्हणाल्या, आणि जेवण झालं का ते विचारलं.