व्यायलेल्या डुकरिणीसाठी मेलोक्सिकॅम २०: पिल्लांच्या वाढीचा दावा कितपत खरा?

मेलोक्सिकॅमचे २० मिग्रॅ प्रति मिली ताकदीचे इंजेक्शन व्यायल्यावर मादीला दिले की पिल्ले जोमाने वाढतात, असे सांगून ते विकले जाते. औषध चांगले आहे. दावा मात्र अर्धवट आहे. पिल्ले वाढवणे हे त्याचे काम नाही. ते आईची वेदना, सूज आणि ताप उतरवते. तिला बरे वाटून ती आडवी झाली आणि पान्हा सोडू लागली, तर चीक पिल्लांच्या पोटात जातो आणि पुढे वजन दिसते. जी मादी मुळातच निवांत पाजते आहे, तिच्या पिल्लांत या इंजेक्शनाने फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

फरक पडतो तो अडलेल्या मादीत. व्यायला ५ तासांहून जास्त लागले, हात घालून पिल्लू काढावे लागले, कास कडक आणि गरम लागते, मादी खाणे सोडून पोटावर दबून बसते, पिल्ले सडाला लागली की उठते, ही ती लक्षणे. फक्त थर्मामीटरवर निर्णय घेऊ नये, कारण व्यायल्यावर तापमान थोडे चढणे स्वाभाविक असते, ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर आकडा आणि सोबत वरची लक्षणे असतील तर उशीर करू नये. पान्हा एका वेळी जेमतेम २० सेकंद वाहतो आणि साधारण तासाने पुन्हा येतो. तेवढ्यात आई उठली की सगळ्या पिल्लांची पाळी बुडते. डुकरांत वारेतून प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) गर्भाला मिळत नाहीत आणि पिल्लाचे आतडे ती जेमतेम पहिले २४ तास शोषते. त्या वेळात प्रत्येकाला किमान २०० ते २५० ग्रॅम चीक लागतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी दिलेले इंजेक्शन मादीला आराम देईल, पण बुडालेला चीक परत आणणार नाही.

घाई उलट बाजूनेही अंगाशी येते. कळा सुरू होण्यासाठी आणि गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातले द्रव्य लागते, आणि हे औषध नेमके तेच रोखते. शेवटचे पिल्लू आणि जार बाहेर पडल्याची खात्री झाल्यावरच सुई टोचावी. मादी अजून जोर करत असेल तर आत पिल्लू अडकले आहे का ते आधी पाहावे.

मात्रा वजनाच्या प्रति किलो ०.४ मिग्रॅ, म्हणजे १०० किलोला २ मिली. २५० किलोच्या मादीला ५ मिली. ५ मिग्रॅ ताकदीची बाटली घेतली तर त्याच मादीला २० मिली टोचावे लागतील. ती पातळ ताकद लहान पिल्लांसाठी ठीक, मोठ्या मादीसाठी नाही. २० ची बाटली घेण्याचे खरे कारण हेच. वजन डोळ्याने ठरवताना थोराड माद्यांना हमखास कमी मात्रा जाते, म्हणून छातीचा घेर मोजून अंदाज घ्यावा. जागा कानाच्या बुडामागची मान, सुई १६ गेजची आणि दीड इंच लांब. आखूड सुईने औषध चरबीत राहते, हळूहळू शोषले जाते आणि मग "गुण आला नाही" अशी तक्रार होते. स्नायूत नीट गेले तर रक्तातली पातळी तासाभरात टोकाला पोहोचते. गरज वाटल्यास दुसरी मात्रा २४ तासांनी.

घाण स्राव, ताप, कासदाह असेल तर पशुवैद्यकाने ठरवलेले अँटिबायोटिक सोबत हवेच. जंतूंच्या विषाने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारे संप्रेरक, दबते आणि दूध आटते. मेलोक्सिकॅम त्या विषाने उसळलेला दाह शमवते, जंतू मारत नाही. स्टिरॉइड किंवा दुसरे वेदनाशामक त्याच वेळी देऊ नये, जठरात व्रण होतात. मादी पाणी पीत नसेल तर आधी पाणी पाजावे, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. बद्धकोष्ठता आणि कमी दाबाची पाण्याची तोटी ही दूध आटण्याची कारणे इंजेक्शनाने जात नाहीत.

केटोप्रोफेनही ताप चांगला उतरवते. पण जिथे मेलेली जनावरे उघड्यावर पडतात तिथे ते टाळावे, कारण ते गिधाडांना मारते; मेलोक्सिकॅम त्यांना सुरक्षित आहे. ही बाब मोलाची वाटते.

चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत जन्मतः हलक्या पिल्लांची वाढ सुधारली, काहींत काहीच फरक नाही. म्हणून सरसकट प्रत्येक मादीला देण्यापेक्षा अडलेल्या, थकलेल्या आणि जुन्या वेतांच्या माद्यांना द्यावे. आपल्या गोठ्यात उपयोग होतो का हे तपासायचे तर पिल्लांचे वजन जन्मतः, २४ तासांनी आणि दूध तोडताना घ्यावे. पहिल्या २४ तासांत ज्याचे वजन वाढले नाही त्याला पुरेसा चीक मिळालेला नाही. दुसऱ्या मादीखाली लावलेली पिल्ले हिशेबात वेगळी ठेवावीत, अदलाबदलीने तुलना बिघडते.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. बहुतेक ठिकाणी मुदत २८ दिवसांची असते. युरोपात मांसासाठी विरामकाळ (शेवटच्या इंजेक्शनापासून कत्तलीपर्यंत थांबायचे दिवस) ५ दिवस आहे, इतरत्र लेबल पाहावे. मादी काढून टाकायची ठरली असेल तर इंजेक्शनाची नोंद तिच्या कार्डावर हवीच.