कॅलिपर ब्रेकच्या रोड बाइकवर ट्यूबलेस: 25, 28 की ट्यूबच बरी?

टायरवर 25, म्हणजे 25 मिमी रुंदी, छापलंय म्हणून तो 25च भरेल असं नाही. हल्लीचे 25 आणि 28 चे टायर आतून 19 मिमी रुंद रिम धरून बनवतात. तोच टायर जुन्या 15 मिमी रिमवर दीडेक मिलिमीटरने आखडतो, 21 वर जवळपास मिलिमीटरभर फुगतो.

म्हणून आधी ॲलन की काढा. सध्याच्या 25 मध्ये पूर्ण हवा भरा. कॅलिपर म्हणजे टायरवरून येऊन रिमला दाबणारा ब्रेक; त्याच्याखालून आणि फोर्कच्या माथ्याखालून 6 मिमीची की सरकली, मागे चेनस्टे (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) आणि टायर यांच्यामध्ये दोन्हीकडे 5 ची सरकली, तर 28 बसवल्यावर तीन-साडेतीन मिमी उरतील. त्याहून कमी जागेवर भागवू नका. उभं राहून चढ मारताना चाक लवतं, आणि पावसात टायरला चिकटलेली खडी फोर्कचा रंग खरवडते. पुढे-मागे जागा सारखी नसते, तेव्हा दोन्हीकडे मोजा. मागे 28 आणि पुढे 25 चालतो. वजन मागेच जास्त असतं.

28 चा खरा फायदा आरामापेक्षा सीलंटला, म्हणजे टायरमध्ये घातलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाला, होतो. सत्तर किलोच्या माणसाला 25 मध्ये 80-85 पीएसआय लागतात, 28 मध्ये 65-70 पुरतात. बाभळीचा काटा दोन्हींत बुजतो, बऱ्याचदा कळतही नाही. काचेने तीनेक मिमी चीर गेली की फरक दिसतो: 25 मधून दाबामुळे सीलंट पिचकारीसारखं उडत राहतं आणि हवा 40 च्या आसपास उतरेपर्यंत भोक धरत नाही. मग बारीक रबरी प्लग घालायचा आणि शेपूट टायरला लागून कापायचं. अरुंद फ्रेममध्ये राहिलेलं शेपूट दर फेऱ्याला ब्रेकला टपटप लागतं.

28 ची एक कटकट मात्र आहे. ब्रेक सैल करायची खटकी सोडूनही हवा भरलेलं चाक पॅडमधून निघेलच असं नाही. गाडीत सायकल टाकताना दरवेळी हवा सोडा, पुन्हा भरा, आणि व्हॉल्व्हमध्ये सीलंट साचलं तर तेही उपसा.

25 च घ्यायचा तर काँटिनेंटल जीपी5000 एस टीआर वेगवान आहे, पण घट्ट रिमवर चढवताना अंगठे दुखतात. श्वाल्बे प्रो वन टीएलई सहसा सोपा जातो. 28 थोडक्यात अडत असेल तर पिरेली पी झीरो रेस टीएलआर 26 मध्ये मिळतो. अडलेल्या फ्रेमला हा मधला मार्ग बरा.

वजन वाचवायला ट्यूबलेस घेत असाल तर राहू द्या. जीपी5000 एस टीआर 25 चा 250 ग्रॅम, त्यात 30 मिली सीलंट, व्हॉल्व्ह आणि टेप धरून तीनशेच्या आसपास. साधा जीपी5000 220 च्या आसपास, त्यात टीपीयू (पातळ प्लास्टिकची) ट्यूब 35 ग्रॅमची. म्हणजे ट्यूबवालाच हलका. काटे क्वचित लागत असतील तर आमचं मत ट्यूबलाच. फक्त ट्यूबच्या खोक्यावर रिम ब्रेकला चालते असं लिहिलंय ना ते पाहा. काही टीपीयू फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात, कारण लांब घाट उतरताना रिम तापते.

ट्यूबलेसच ठरलं तर रिम ट्यूबलेसची हवी. जुन्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा नसतो, हवा उतरली की कड आत घसरते. हुकलेस रिमवर (जिच्या काठाला टायर धरणारा आकडा नसतो) 25 नकोच: तिथे 5 बारची, म्हणजे 72.5 पीएसआयची मर्यादा, आणि 25 ला त्याहून जास्त लागतात. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोनेक मिमी रुंद घ्या. टायर चढवताना कड मधल्या खाचेत ढकलत जा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. उलट केलंत तर शेवटचे चार बोटं लिव्हरशिवाय जाणार नाहीत. मग कडेला साबणपाणी, व्हॉल्व्हची कोर (आतला निघणारा भाग) बाहेर आणि कंप्रेसर. दोन्ही कडा टक टक करून बसल्या की हवा सोडून सीलंट घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत सुकतं, आणि सुकलेलं सीलंट म्हणजे टायरमध्ये नुसतंच वजन.