पॉवर अवरसाठी ग्लास कुठला घ्यावा: अमेरिकन, ब्रिटिश की आपला पेगचा?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. दर मिनिटाला एक शॉट ग्लास भरून बिअर प्यायची, अशी सलग ६० मिनिटं, की झाला पॉवर अवर. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये हा जाम चालतो आणि आम्ही मिनियापोलिसला राहतो तर इथे कोणाच्याही घरी वीकेंडला गेलात की कपाटात शॉट ग्लासांची रांग असतेच. तेच १०० मिनिटं खेळलं की सेंचुरी क्लब, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात त्यालाच सेंच्युरियन म्हणतात आणि डेन्मार्कमध्ये क्लुब १००, तिथे तर शंभर गाण्यांचे एकेक मिनिटाचे तुकडे जोडलेलेच असतात, गाणं बदललं की प्यायचं.

आता मुद्दा असा की घड्याळ सगळीकडे तेच, मिनिट म्हणजे मिनिट, पण ग्लास देशागणिक वेगळा आणि अख्खा खेळ त्या ग्लासावर ठरतो. हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हा रिव्ह्यू. माझ्याकडे आता चार प्रकारचे ग्लास जमलेत, चारही वापरून झालेत.

अमेरिकन, दीड औंसाचा

जाड बुडाचा, हातात मस्त वजनदार लागतो, टेबलावर आपटला तरी काही होत नाही. सहाचा सेट दहा डॉलरच्या आत मिळतो. दिसायला एवढासा, पण यात ४४ मिली मावतं आणि तिथेच गडबड आहे. ४४ गुणिले ६० म्हणजे २.६ लिटरच्या वर, म्हणजे ३५५ मिलीचे साडेसात कॅन, तेही एका तासात. शरीर साधारण तासाला एक कॅन पचवतं, बाकीचे साडेसहा कुठे जाणार? रक्तातच राहणार. सेंचुरीला तर हेच साडेबारा कॅन होतात. साठ किलोच्या माणसाला हा आकडा सरळसरळ धोक्याचा आहे आणि मला राग याचा येतो की बॉक्सवर "पार्टी गेम सेट" असं मोठ्ठं छापलेलं असतं आणि मिलीचा आकडा शोधूनही सापडत नाही.

टुरिस्ट दुकानातले शहराचं नाव छापलेले ग्लास तर अजिबात घेऊ नका, एक छोटा एक मोठा, कशाचा कशाला मेळ नसतो, आणि चार जण चार मापांनी पीत बसतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर ग्लास ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली. दोन मिनिटांचं काम आहे, खेळाच्या आधी प्रत्येक ग्लासचं करा.

ब्रिटिश, २५ मिलीचा

हे लीड्सच्या मावसभावाने आणून दिले. दादाकडे सेंच्युरियन याच ग्लासवर खेळतात. तिकडे पबमध्ये जिन, रम, व्होडका, व्हिस्की हे २५ किंवा ३५ मिलीच्या मापातच द्यावं लागतं, कायदाच आहे, त्यामुळे ग्लासवर आकडा आणि मापाचा अधिकृत शिक्का असतो. पातळ आहे, अमेरिकनपेक्षा नाजूक, एक फुटला पण. पण हिशोब बघा: ६० मिनिटांचे दीड लिटर, १०० मिनिटांचे अडीच लिटर, म्हणजे जेमतेम साडेचार पाइंट (तिकडचा बिअरचा मोठा ग्लास, ५६८ मिलीचा). शंभर मिनिटं खेळूनही अमेरिकन पॉवर अवरपेक्षा कमी! दीड लिटर हीसुद्धा तासाला चार कॅनच्या वर जाते, म्हणजे हलकी अजिबात नाही, पण माणूस खेळ संपल्यावर गप्पा मारायच्या अवस्थेत असतो आणि माझ्या मते खेळ त्याच्यासाठीच आहे.

मेलबर्नची मैत्रीण सांगते त्यांच्याकडे ३० मिलीचं निप चालतं, शंभराचे तीन लिटर, म्हणजे त्यांच्या ३७५ मिलीच्या आठ बाटल्या. जर्मन २० मिलीचे पण मिळतात, रेघ मारलेले, रेघेपर्यंतच भरायचं. ते माझ्याकडे दोनच आहेत पण ज्यांना कमी प्यायचंय त्यांना मी तेच देते आणि कोणाला कळतही नाही की त्यांचा ग्लास वेगळा आहे.

आपला पेगचा, ३० आणि ६० मिली

घरी इंडियात गेल्यावर हेच वापरणार, कारण प्रत्येकाच्या बारच्या कप्प्यात तो दोन तोंडांचा स्टीलचा पेग मेजर असतोच, एका बाजूला ३० दुसऱ्या बाजूला ६०. स्टीलचा असल्यामुळे फुटायची भीती नाही, मापाला चोख, किंमत किरकोळ, मेजर म्हणून पाच पैकी पाच. पण ६० ची बाजू या खेळात वापरायची नाही म्हणजे नाही. ६० गुणिले ६०, ३.६ लिटर, आपल्या ६५० च्या साडेपाच बाटल्या होतात हो.

आणि ३० ची बाजू पण नीट बघून. ३० मिलीने तासाचे १.८ लिटर होतात, ऐकायला बरे वाटतात, पण आपल्याकडे दुकानात हात घातला की स्ट्राँग बिअर येते, ८ टक्क्यांपर्यंतची. १.८ लिटर आठ टक्के म्हणजे १४४ मिली शुद्ध अल्कोहोल. अमेरिकन मोठ्या ग्लासने पाच टक्क्यांची बिअर तासभर प्यायली तर १३३. म्हणजे छोट्या पेगने खेळूनसुद्धा तुम्ही त्यांच्या पुढे गेलात! त्यामुळे पुण्यात किंवा गोव्यात खेळणार असाल तर लेबल वाचून माइल्डच घ्या. वयाचं पण बघा, महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात, गोव्यात १८ असले तरी.

ओतण्याबद्दल सांगायलाच हवं कारण सगळी मजा किंवा सगळा वैताग तिथे आहे. कॅनमधून थेट शॉट ग्लासमध्ये ओतलं की अर्धा ग्लास फेस, तो बसेपर्यंत वीस सेकंद गेली, मग वर थोडी टाकायची, तेवढ्यात घंटा वाजते आणि टेबल चिकट. यावर उपाय म्हणजे आधी जगमध्ये ओता, पाचेक मिनिटं ठेवा, गॅस थोडा उडून जाऊ दे आणि मग जग तिरका धरून ग्लासच्या कडेने सोडा. गॅस कमी झाला की पोटही कमी फुगतं, कारण चाळिसाव्या मिनिटाला लोक थांबतात ते चढली म्हणून कमी आणि पोट डब्ब झालं म्हणून जास्त. अरुंद ग्लासमध्ये फेस जास्त वर येतो, ब्रिटिश ग्लास इथे मार खातो, रुंद तोंडाचा अमेरिकन याबाबतीत खरंच चांगला आहे.

टायमरसाठी मी एक फुकटचं ॲप घेतलं होतं, नाव नको, दर काही मिनिटांनी जाहिरात आणि जाहिरातीत घंटाच गायब, काढून टाकलं. त्यापेक्षा एकेक मिनिटाच्या गाण्यांची प्लेलिस्ट कधीही भारी. आम्ही एक पूर्ण मराठी केलीय, लावणी, नव्वदीतली गाणी, मध्येच ढोल-ताशा, ढोल वाजला की सगळे उभं राहून पितात. यावरून आठवलं, पिट्सबर्गच्या एका गायिकेने साठ एकमिनिटी गाण्यांचा अल्बमच केला होता आणि तो शॉट ग्लासमध्ये बसवलेल्या यूएसबीवर विकला. पॉवर अवर या नावावर एकाने ट्रेडमार्क घेऊन ठेवला होता, तिने केस लढून तो रद्द करून घेतला. मला ती बाई फार आवडते, खेळ सगळ्यांचा आहे, नाव एकट्याचं कसं होईल?

आमच्या राज्यात, मिनेसोटात, मात्र जुन्या लोकांसमोर पॉवर अवर म्हणालात तर ते वेगळंच समजतात. अमेरिकेत प्यायचं कायदेशीर वय २१, तर २१ वा वाढदिवस रात्री बाराला लागला की बार बंद व्हायच्या आत जमेल तेवढी प्यायची, त्याला इथे पॉवर अवर म्हणायचे. त्यावर कायद्यानेच तोडगा काढला, इथे आणि शेजारच्या नॉर्थ डकोटात तुम्ही वाढदिवसाच्या सकाळी आठला २१ चे होता, मध्यरात्री नाही. मला हे पटतं, बाराच्या ठोक्याला उपाशीपोटी सुरू करणं हे कुठल्याच ग्लासने सुरक्षित होत नाही.

उपाशीपोटीवरून, चकण्यावर भागवू नका, आधी पोटभर खिचडी नाहीतर पिठलं-भात होऊ द्या. गाडीच्या चाव्या सुरुवातीलाच यजमानाकडे. कोणी मध्येच थांबला तर त्याच्या ग्लासमध्ये कोकम सरबत भरा आणि खेळात ठेवा, आमच्याकडे निम्मे लोक तिसाव्या मिनिटानंतर कोकमवरच असतात आणि गाणी तेच जोरात म्हणतात.

तर घ्यायचाच असेल तर २५ मिलीचा ब्रिटिश, सहाऐवजी आठ मागवा कारण फुटतात. डिशवॉशरमध्ये टाकू नका, माझ्या दोनवरचा छापलेला आकडा पुसट झालाय. आणि मागवताना ३५ चा येत नाही ना ते बघा, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, शंभर मिनिटांत त्या दहा मिलीचा एक अख्खा लिटर होतो.