बीचचं कुंपण: दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

बीच (beech) या थंड प्रदेशातल्या पानझडी झाडाचं कुंपण लावायचं असेल तर आधी मनाची तयारी करा, पहिल्या वर्षी डोळ्यांना काही दिसत नाही. सगळा कारभार जमिनीखाली चालतो. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र फांद्यांनी वेग घेतला, आणि आता कुठे याला कुंपण म्हणावंसं वाटतं.

रोपं उघड्या मुळांची घेतली. पानगळीनंतर वसंत लागेपर्यंतच ती मिळतात, कुंडीतल्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि लवकर रुजतात. जपायचं ते मुळांना. वाऱ्यावर सुकली की संपलं, म्हणून चर तयार होईपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. दोन रांगा, एकमेकींच्या फटीत रोप येईल अशा, मीटरला पाच. खोडावर आधीच्या मातीची खूण दिसते, तेवढंच खोल लावायचं.

निचरा हा खरा मुद्दा. चढावरची रोपं कंबरेच्या वर गेली. सखल कोपऱ्यात पावसाचं पाणी थांबतं, तिथली अजून रडतखडत आहेत. लावण्याआधी खड्डा खणून पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर बीचचा नाद सोडा, हॉर्नबीम लावा. दिसायला जवळपास तसंच, पण ओली चिकणमाती सोसतं.

उलट कोरड्या उन्हाळ्यातही बीच रुसतं, कारण मुळं उथळ. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी दिलेलं मानवतं. बुंध्याशी गवत अजिबात नको, ते पाणी आधी पितं. सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घातलं, फक्त खोडाला टेकू दिलं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानांखाली कापसासारखा पांढरा मावा आला. पानं चिकट झाली, थोडी मुडपली. फवारणी केली नाही. लेडीबग आले आणि त्यांनी बऱ्यापैकी निपटारा केला.

छाटणी वर्षातून एकदा, उन्हाळा उतरताना, आत पक्ष्याचं घरटं नाही ना हे बघून. बुडाशी रुंद, वर निमुळतं ठेवायचं, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. शेंड्याला हवी ती उंची येईपर्यंत हात लावत नाही. उंच वाढू दिलं तर काय होतं ते स्कॉटलंडमधल्या मिक्लूरला दिसतं: १७४५ साली लावलेलं कुंपण आज सुमारे ३० मीटर उंच आहे!

आता ज्यासाठी हे झाड घेतलं ते. छाटून बुटकं ठेवलेलं बीच हिवाळ्यातही वाळकी पानं सोडत नाही. तांबूस, कुरकुरीत पानं, वारा आला की सळसळतात, आणि त्यांच्या बगलेत भाल्याच्या टोकासारखे अणकुचीदार डोळे. वसंतात डोळे फुटले की पोपटी पान बाहेर येतं, कडेला रेशमी लव असलेलं. तक्रार एवढीच, की जुनी पानं तेव्हा गळतात, बाकीच्या बागेची झाडलोट उरकून झाल्यावर.

बारमाही हिरवा आडोसा लगेच हवा असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. नीट आडोसा व्हायला चार-पाच वर्षं जातात. सखल कोपऱ्यातली रोपं काढून तिथे हॉर्नबीम लावणार आहे.