१४ वर्षांनी पुन्हा लिनक्सकडे: आठ महिने आणि चार डेस्कटॉप

२०१० मध्ये उबुंटू १०.०४ ही लिनक्स प्रणाली वापरत असताना पडद्यावर जी मांडणी दिसत असे ती मला आजही स्पष्ट आठवते: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, वरच्या पट्टीत डावीकडे तीन मेनू आणि खालच्या पट्टीत उघड्या खिडक्यांची रांग. ती ग्नोम २ या डेस्कटॉपची, म्हणजे लिनक्सवर पट्ट्या, मेनू आणि खिडक्या दाखवणाऱ्या भागाची, मांडणी होती. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले, त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे आणला आणि त्याच सुमारास कामाच्या गरजेमुळे मी लिनक्स सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली प्रसिद्ध झाल्यावर मी परतले. पुढील अनुभव तेव्हापासूनच्या आठ महिन्यांचा आहे आणि तो मुख्यतः माझ्यासारख्या परतलेल्यांसाठी लिहिला आहे, कारण अगदी नवीन माणसाची अडचण आणि परतलेल्या माणसाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन माणूस कोरी पाटी घेऊन येतो; परतलेल्याचा हात मात्र जुन्या जागी जातो, आणि तिथे काही सापडले नाही की दोष नव्या मांडणीचा आहे असे त्याला वाटू लागते.

डेबियनचा इन्स्टॉलर डेस्कटॉपची यादी समोर ठेवतो आणि त्यातून निवड करायला सांगतो. मी काही विचार न करता माटे निवडले. ग्नोम २ चा कोड पुढे चालवण्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे, त्यामुळे पहिला आठवडा फार आनंदात गेला. तेच मेनू, त्याच पट्ट्या, फाइल मॅनेजरचेही तेच वळण. अडचण माटेमध्ये नव्हती, ती माझ्या टेबलावर होती. १४ वर्षांपूर्वी माझ्याकडे एकच साधा पडदा होता. आता १४ इंची लॅपटॉपचा पडदा २८८० × १८०० पिक्सेलचा आहे आणि शेजारचा २४ इंची मॉनिटर १९२० × १०८० चा. माटेचे सत्र एक्स११ वर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर, चालते आणि तिथे मोजमापाचे प्रमाण सर्वसाधारणपणे साऱ्या पडद्यांना मिळून एकच असते. प्रमाण दुप्पट केले की लॅपटॉप वाचनीय होई, पण मॉनिटरवर प्रत्येक बटण अवाढव्य दिसे; प्रमाण मूळ ठेवले की मॉनिटर व्यवस्थित, पण लॅपटॉपवरची अक्षरे मुंगीएवढी. केवळ फॉन्ट मोठा करून पाहिला, तेव्हा अक्षरे वाढली आणि चिन्हे मात्र होती तेवढीच राहिली. सहा आठवडे मी या तडजोडीत काढले, कारण ओळखीची मांडणी सोडवत नव्हती.

त्यानंतर सिनॅमन घेतले. लिनक्स मिंट या लिनक्स प्रणालीने घडवलेला हा डेस्कटॉप ओळखीचाही वाटतो आणि नीटनेटकाही आहे. खाली एक पट्टी, कोपऱ्यात मेनू, सेटिंग्ज शोधाव्या लागत नाहीत. ज्यांच्याकडे साधा एकच पडदा आहे आणि ज्यांना संगणकाची मांडणी हा अभ्यासाचा विषय करायचा नाही, त्यांना मी आजही निःशंकपणे हाच सुचवीन. २०२० पासून त्यात १२५ किंवा १५० टक्के असे अपूर्णांकी प्रमाणही ठेवता येते. परंतु एक्स११ वर हे साधण्यासाठी चित्र आधी मोठ्या आकारात रंगवले जाते आणि मग लहान करून पडद्यावर आणले जाते, आणि त्यात अक्षरांची धार किंचित बोथट होते. माझे काम भाषांतराचे आहे. दिवसभर देवनागरी मजकूर वाचताना अनुस्वार आहे की नाही, रफार नेमका कोणत्या अक्षरावर आहे, हे डोळे बारीक करून पाहावे लागू नये, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती तिथे पूर्ण होईना.

म्हणून केडीई प्रकल्पाच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपकडे वळले. केडीई म्हटले की माझ्या मनात २००८ मधील चौथ्या आवृत्तीचे गोंधळलेले रूप उभे राहत असे आणि त्या आठवणीपायी मी हा पर्याय शेवटी ठेवला होता. ते चुकले. डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६.३ आहे आणि त्याचे सत्र एक्स११ ची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालते, त्यामुळे लॅपटॉपला १७५ टक्के आणि मॉनिटरला १०० टक्के अशी वेगवेगळी प्रमाणे देता आली. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली की ती तिथल्या प्रमाणाने आपला आकार बदलते. पाच मिनिटांत झालेल्या या एका गोष्टीने माझी निवड ठरली.

प्लाझ्माची खरी परीक्षा त्यापुढे होती. त्यात जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि पहिले तीन आठवडे मी काम सोडून बदलच करत राहिले. एका रात्री पट्टीच्या संपादनात मी इतकी मोडतोड केली की घड्याळ आणि खिडक्यांची यादी दोन्ही नाहीशी झाली. ही मांडणी घरच्या फोल्डरमधील लपलेल्या .कॉन्फिग या फोल्डरात एका फाइलमध्ये साठवलेली असते. ती बाजूला काढून पुन्हा लॉगिन केले की मूळ मांडणी परत येते, हे मला त्या रात्री कळले. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घातला: महिनाभर काहीही बदलायचे नाही, जे खुपेल ते कागदावर लिहून ठेवायचे आणि महिन्याच्या शेवटी जे वारंवार खुपले तेवढेच बदलायचे. कागदावर अकरा नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या सात मी स्वतःच विसरून गेले होते. उरलेल्या चार बदलांनिशी मी आजवर काम करते आहे. शिवाय बदल न करता मिळालेल्या सोयीच जास्त उपयोगी ठरल्या: मेटा (विंडोज चिन्हाची कळ) आणि व्ही दाबून मागचे कॉपी केलेले तुकडे परत मिळवणे, डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ ने दोन फोल्डर शेजारी उघडणे, आणि विशेषतः खिडक्यांचे नियम, ज्यांच्यामुळे मूळ मजकुराची पीडीएफ दर वेळी मॉनिटरवरच उघडते.

देवनागरी टंकलेखनाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाणित मांडणी वापरणाऱ्यांना फक्त कीबोर्डची मांडणी जोडावी लागते. फोनेटिक पद्धत (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकणे) हवी असल्यास आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ या टंकलेखन-साधनांपैकी एक लागते, आणि प्लाझ्माच्या वेलँड सत्रात त्याची निवड सेटिंग्जमधील व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर करावी लागते. नाव दिशाभूल करणारे असल्यामुळे ते पान शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

ग्नोम मी वेगळ्या खात्यात तीन आठवडे वापरले. एकाग्रतेने एकेक काम करणाऱ्यांसाठी त्याची रचना सुंदर आहे, टचपॅडवर बोटांची साथ उत्तम मिळते. मात्र खिडकी लहान करण्याचे बटणही मुळात दिसत नसल्याने जुन्या सवयी पूर्णपणे बाजूला ठेवाव्या लागतात. एक्स्टेन्शन, म्हणजे छोटे पूरक प्रोग्रॅम, जोडून त्याला जुने रूप देण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन तिच्याशी जुळतेच असे नाही. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये तर अंतर्गत रचना बदलल्याने सर्वच एक्स्टेन्शनमध्ये दुरुस्ती करावी लागली होती. हलका म्हणून एक्सएफसीई हा डेस्कटॉप घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. यंत्र खरोखर जुने असेल तर जरूर घ्यावा, पण ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवणाऱ्याला वाचलेली मेमरी जाणवत नाही.

एकाच यंत्रावर अनेक डेस्कटॉप पडताळायचे असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र वापरकर्ता खाते करावे. एकाच खात्यात सगळे चालवले की थीम एकमेकांत मिसळतात, मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर दिसतात आणि पासवर्ड साठवण्याच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी उभ्या राहतात. प्लाझ्मामध्ये आपोआप लॉगिन सुरू ठेवल्यास पासवर्ड साठवणारे के-वॉलेट वेगळा पासवर्ड विचारते, कारण लॉगिनच्या वेळी आपण पासवर्ड दिलेलाच नसतो.

एक उणीव अजून भरून निघालेली नाही. लघुरूप टंकले की पूर्ण वाक्य उमटावे यासाठी माझ्याकडे एक्सडूटूल या, प्रोग्रॅममार्फत कळा दाबणाऱ्या, साधनावर आधारलेल्या काही जुन्या स्क्रिप्ट आहेत. वेलँडमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत परस्पर कळा पाठवू शकत नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे, पण त्यामुळे या स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत. ठरावीक मजकुराचे मोठे काम आले की मी लॉगिनच्या पडद्यावर प्लाझ्माचे एक्स११ सत्र निवडते, मॉनिटरची वायर काढते आणि ते काम लॅपटॉपच्या एकाच पडद्यावर पूर्ण करते.