गच्चीवरची वांगी की पडीक शेतातलं भात?

पणजी-मडगावच्या आसपास राहणाऱ्यांपुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे गच्चीत कुंड्या लावायच्या. मिरची, वांगी, तांबडी भाजी घरचीच होते, ओला कचरा खतात जिरतो आणि कुणाची परवानगी लागत नाही. मीही हे करते, आणि करत राहणार.

दुसरी वाट म्हणजे वाड्यातल्या लोकांनी मिळून पडीक शेत कसायचं. हे काम कठीण आहे. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची, कूळ वेगळंच, वारसदार परदेशात, त्यामुळे होकार मिळवण्यातच एखादा पावसाळा निघून जातो. शेत खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतलं असेल, तर बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, आधी दुरुस्त करावं लागतं. भरतीचं खारं पाणी आत येऊ न देणारं आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं हे दार बिघडलं, तर एकट्याने नांगरून उपयोग नाही. सगळ्यांचीच शेतं बुडतात. म्हणून तर पूर्वी बांध राखणं हे गावकारीचं, म्हणजे गावाच्या सामूहिक कारभाराचं काम होतं. खारेपणा सोसणारा कोरगुट हा भाताचा वाण तिथेच तग धरतो, कुंडीत नव्हे.

भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले, ते चांगलंच झालं. पण कायदा नांगर धरत नाही. ओसाड शेतावर भराव घालणाऱ्यांची नजर असतेच. हिरव्या शेतात माती टाकायला मात्र हात कचरतो.

वेळ थोडा असेल तर कुंड्या लावा. महिन्यातले दोन रविवार देता येत असतील, तर मी शेताकडेच बोट दाखवीन. आमच्या वाड्यावर लावणीला माणसं हवीच आहेत.